तलावाच्या पाळीवर

गोंदियाच्या एका तरणतलावावर मी जीवरक्षक आहे. पुरात, तलावात कोणी बुडत असेल तर काय करायचं, हे गावोगावच्या तरुणांना शिकवायलाही मला बोलावतात. त्या वर्षी सडक अर्जुनीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर आमचं शिबिर होतं. मी बुडणाऱ्याचं सोंग घ्यायचो आणि ते दोर टाकून मला काढायचे.

त्यांच्यात गावातल्याच एका घरची तरुण सून होती. शिंगाडे तोडायला लहानपणापासून पाण्यात उतरलेली. मी जास्त हातपाय झाडले की म्हणायची, "सर, इतके मरू नका. काढून राहिली ना मी."

एका सकाळी पलीकडच्या काठावरून आरडाओरडा ऐकू आला. तिचा चुलतसासरा शिंगाडे तोडता तोडता तरंगायच्या, हवा भरलेल्या ट्यूबवरून घसरला होता, आणि वर आला नव्हता. आम्ही धावलो. वर हिरवा वेल, खाली गढूळ पाणी, काही म्हणता काही दिसेना. मी बुडी मारायचो, हाताला नुसते देठ लागायचे. शेवटी तो तिलाच सापडला. पाय वेलात अडकलेले होते.

पाळीवर आणला तेव्हा श्वास नव्हता. मी छाती दाबू लागलो, मधेमधे तोंडानं श्वास देत होतो, दमलो की ती दाबायची. ॲम्ब्युलन्स निघाली आहे, एवढंच फोनवरून कळत होतं. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "उलटा टांगा त्याले. पाणी निघून जाईल."

"त्यानं काही होत नाही, बाबा. उलट वेळ जातो."

"मंग तुमच्यानं काय होऊन राहिलं?"

मी दाबत राहिलो. त्याची बायको उशाशी बसून पदरानं त्याच्या कानातला चिखल पुसत होती. दाबायची वेळ तिच्यावर आली की सून खालच्या आवाजात विचारायची, "सर, बराबर करून राहिली ना मी?"

"बरोबर करते आहेस."

ती खरंच बरोबर करत होती. जागा, जोर, लय, सगळं शिकवल्यासारखं. माझ्या हाताखाली मात्र तो तसाच थंड होता. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबा आता."

दोन दिवसांनी मी त्या घरी गेलो. त्याची बायको ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, "उलटा टांगला असता तं वाचला असता का जी?"

"नाही, काकू."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं. सून चहा घेऊन आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि चुलतसासूच्या बाजूला जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

शिबिराला ती परत आली नाही. मी निरोप पाठवला नाही. काय म्हणून पाठवणार होतो?