माहुलीला विचारून आलो: पाणबुडीतल्या माणसांचं पान

त्या सकाळी देवपूजा आटोपली, दुचाकीवरची धूळ पुसली आणि आटपाडीहून साताऱ्याजवळच्या माहुलीला निघालो. सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर होती.

माझे काका नौदलात होते. एकाहत्तरच्या युद्धात विशाखापट्टणमजवळ शत्रूची पाणबुडी बुडाली. आतलं कुणीच वाचलं नाही. नंतर पाणबुडे तिच्यापर्यंत उतरले, त्यांच्या होडीवर काका होते. गावी परतल्यावर दर सर्वपित्रीला आमच्या पितरांच्या पानांशेजारी ते एक जास्तीचं पान वाढायचे. "बोटीतल्या माणसांचं," एवढंच सांगायचे. काका जाऊन तीन वर्षं झाली; त्यानंतर ते पान मी वाढू लागलो. गेल्या सर्वपित्रीला भावकीतले तात्या म्हणाले, "दुश्मनाला कशापायी जेवाय घालताय?" तात्यांचं ऐकून मी ते पान वाढलंच नाही. वर्षभर ते मनाला लागून राहिलं. म्हणून काकांचे नौदलातले सोबती, माहुलीचे आप्पा, त्यांना विचारायचं ठरवलं.

दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा रस्ता. सहाला निघालात तर ऊन तापायच्या आत दहिवडी मागे पडते. माणदेशात बाजरी कणसाला आली होती. पुसेगावात देवळासमोर हात जोडले, मिसळ खाल्ली. जाऊन-येऊन पेट्रोल पाचशेचं.

आप्पांचं घर कृष्णा-वेण्णेच्या संगमापासून पाच मिनिटांवर. पंचाहत्तरी ओलांडलेले, पण आवाज खणखणीत.

"पुतन्या व्हय तू? तुझ्या काकानं लय शिव्या घातल्यात मला!"

"का हो?"

"मी पान्याखाली, दोरी त्याच्या हातात. हिसका दिला म्हंजे समदं ठीक. मी इसरायचो. वर आलो की हा बोंबलायचा."

मी पानाचं विचारलं. 

"एकदा वर आलो तवा त्यानं इचारलं, काय दिसलं रं? मी म्हटलं, ताटं. चिखलात जेवायची ताटं पडल्याती, रिकामी. त्या दिवशी तुझा काका जेवला न्हाई."

"पण आप्पा, ते आपल्यावर चालून आलेले."

"आलेच हुते की! बुडाले तवा आमी नाचलो. ती लढाई झाली. जेवणाचं येगळं." मग हसले. "आन् गड्या, वाढू नको असं ऐकाय कुणी एवढ्या लांब गाडी मारतं व्हय?"

संगमावर हातपाय धुतले, साताऱ्यात जाऊन कंदी पेढे घेतले आणि दिवस मावळता घरी पोचलो. परतीच्या वाटेवर मन हलकं होतं. एवढी वर्षं त्या पानाशेजारी जेवलो, पण काकांना एकदाही नीट विचारलं नाही, एवढंच वाटत राहिलं.

अमावास्येला पितरांची पानं मांडली. शेजारी आणखी एक मांडलं. वडे, आळूची भाजी, कढी. तात्या दारातच थबकले.

"हे कुणाचं रं?"

"बोटीतल्या माणसांचं," मी म्हणालो आणि त्या पानावर खीर वाढली.