पान उलटलंस का?

मामा भित्रा नव्हता. साप निघाला तर काठी घेऊन पुढं हाच. पण त्या दिवशी त्याच्या हातातलं भिंग पडलेलं मामीला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"काय पडलं हो?"

"काही नाही. तू इकडं येऊ नकोस."

नको म्हटल्यावर मामी थांबतेय होय! गच्चीवर गेली तर मामा शेवंतीच्या कुंडीपुढं उकिडवा, तोंड पांढरंफटक.

त्या कुंडीत मामाची अकरा वर्षं होती. दिवसभर रोपवाटिकेत दुसऱ्याची झाडं बघायची आणि घरी आला की हेच, शेवंतीची नवी जात काढायची. एका शेवंतीच्या पाकळ्या कात्रीनं कातरायच्या, आत दुसरीचे पराग ब्रशनं लावायचे, वर कागदी पिशवी. मामी म्हणायची, "माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलं नाही." बी धरायचं, रोपं करायची, नाही आवडली की फेकायची. शेकड्यांनी फेकली. आणि यंदा एक फुललं, पाकळी आतून दुधासारखी, बाहेरून तांब्यासारखी. तसं झाड दुसरं नव्हतंच कुठं.

त्याच्या पानांखाली मोहरीएवढे पांढरे फोड आले होते. पांढरा तांबेरा, झाडावरून झाडावर पसरणारा रोग. दिसला की झाड त्याच दिवशी मुळासकट जाळायचं, कुणाचंही असो. रोपवाटिकेत हा नियम मामानंच घातलेला. गेल्या वर्षी चष्मेवाल्या सोबत्याचं झाड त्यानं स्वतः जाळलं. सोबती रडला, तरी जाळलं.

"अहो, औषध मारा की."

"औषधानं दबतो, जात नाही. त्याला मी हेच सांगितलं होतं."

पत्र्याच्या डब्यात झाड जाळलं. पण त्याआधी बोटाएवढा एक शेंडा खुडला, कपात वाळू घालून लावला, वर काचेची बरणी पालथी घातली.

"पंधरा दिवस बघायचं. एक ठिपका दिसला तरी जाळायचं. मी नसलो तरी."

"नसायला कुठं निघालात?"

तेव्हापासून मामा आपल्याच कपड्यांना घाबरायला लागला. कामावर जाताना अंघोळ, आल्यावर अंघोळ. आपल्या अंगावरून रोग तिकडं गेला तर? सोबती चिडवायचा, "रोज नवरदेव होऊन येतोस काय रे!" मामाला घास गिळवेना.

नवव्या दिवशी कामावरच छातीत कळ आली. दवाखान्यात मामा एकच विचारायचा, "पान उलटलंस का?"

"उलटलं. स्वच्छ आहे."

मामी घरी गेलीच नव्हती.

अकराव्या दिवशी मामा गेला.

घर माणसांनी भरलं. पंधराव्या दिवशी मामीला कप आठवला. एका हातात काडेपेटी घेतली, पण बरणी उचलायला दुसरा हात पुढं होईना. तेवढ्यात चष्मेवाला भेटायला आला. मामीनं त्याला आत नेलं, सगळं सांगितलं. नियम मोडला तेही.

 त्यानं भिंग घेतलं, एकेक पान उलटलं. किती वेळ लावला! मामीचं लक्ष काडेपेटीवर.

"स्वच्छ आहे, वहिनी."

 हेच शब्द तिनं मामाला सांगितले होते.

"भाऊजी, माझ्या समाधानासाठी बोलू नका."

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. एका हातात भिंग, एका हातात कप, पान उलटायला हातच उरेना. मग कप त्यानं धरला.

पाच पानं. खालून हिरवी, कोरी.

"फूल येईपर्यंत रोज बघायचं," तो म्हणाला. "आणि दिसलं काही, तर मला बोलवा. एकटीनं जाळू नका."

मामी अजून रोज सकाळी चहाआधी पानं उलटते. मग त्याच काडेपेटीनं चहाचा गॅस पेटवते.