दोन दारांचा फ्रिज

कुलूपकाका गल्लीच्या नजरेत भरले ते रोज जेवणाच्या वेळी फाटकाशी ताटकळत उभे राहण्यामुळे. लोकांची अडलेली कुलपे उघडण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून हे नाव. बायको गेल्यापासून मुलगी रोज दुपारी ऑफिसातून धावतपळत गरम डबा घेऊन येई. काका मुद्दाम रेंगाळत जेवत. तेवढा वेळ ती समोर बसून साहेबाच्या नकला करी.

मग परगावच्या मुलाने फ्रिज पाठवला. फोनवर म्हणाला, "बाबा, आता दूध नासायचं नाही, भाजी सुकायची नाही, डोळ्यांचं औषध गार राहील. शिवाय ताईची रोजची पायपीट वाचेल."

यातले काहीच खोटे निघाले नाही. दूध टिकले, औषध टिकले, ताईची पायपीट वाचली. ती रविवारी येऊ लागली. आठवड्याचे डबे फ्रिजमध्ये रचायची, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी चिकटवायची आणि निघायची. काका आता चार घासांत जेवण उरकत.

'रोज ये' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. एकदा फ्रिजच्या कुलपाची किल्ली हरवल्याचे सांगून पाहिले. मुलगी फोनवर हसतच सुटली. "बाबा, तुम्ही? निदान शेजाऱ्यांना तरी सांगू नका."

मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. सोमवारीच सगळे डबे वॉचमनला आणि झाडूवाल्या मावशींना वाटून टाकले आणि मुलीला फोन लावला.

"चिमे, डबे संपले गं."

"सगळे?"

"भूक लागते हल्ली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गरम डबा घेऊन हजर. काका पोटभर रेंगाळले. पुढच्या आठवड्यातही तेच केले. या खेपेला मात्र तिने आल्याआल्या भावाला फोन लावला. "अरे, तुझा फ्रिज मानवला हं बाबांना. दुप्पट जेवतात. पण हा लहान पडतो रे."

काका घास घोळवत राहिले. खरे सांगायची वेळ हीच होती. पण पोरगी कितीतरी दिवसांनी इतकी खुशीत दिसत होती.

"काय बाबा, मोठा चालेल ना?"

"चालेल की," काका म्हणाले. "जागा काय, भरपूर आहे."

काकांच्या स्वयंपाकघरात आता दोन दारांचा फ्रिज आहे. मुलगी पंधरा दिवसांतून एकदा येते.