डावी बाजू

कर्जत-खालापूरच्या अख्ख्या पट्ट्यात आरशात न बघता जगणारा एकच माणूस असेल, आणि तो आरशांचंच काम करतो. दहिवलीला रस्त्याकडेच्या एका लांबट शेडमध्ये गेली चाळीस वर्षं लोकांचे जुने आरसे दुरुस्त करणारे आमचे चाचा. रोज सतरा आरशांच्या मधे वावरतात, पण एकातही स्वतःकडे म्हणून बघत नाहीत. दाढीला मेंदी लावतात ती अंदाजाने, त्यामुळे एक गाल विटेसारखा लाल आणि दुसरा नुसता पिवळट. चाची कपाळाला हात लावते. "आरसेवाल्याची दाढी बघा, लोक काय म्हणतील!" चाचा शांतपणे म्हणतात, "मी माझं थोबाड बघाय लागलो तर काच कोण बघंल?"

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला मोहोपाड्याच्या कारखान्यात कंत्राटावर काम लागलं म्हणून इकडे आले. त्याची बस पहाटे जायची, आणि मी दिवसभर खोलीत बसून दाराची कडी पुन्हापुन्हा तपासायची. चाचीची आणि माझी ओळख पाण्याच्या नळावर झाली. तिनेच मला शेडवर नेलं आणि चाचांना सांगितलं, "हिच्या हातात फडकं द्या, नायतर पोर भिंतीशी बोलाय लागंल." तेव्हापासून मी तिथे आहे. पण आपल्याला कुणी ठेवून घेतलंय यावर माझा विश्वासच बसेना. म्हणून रोज संध्याकाळी निघताना दाराशी थांबून मी विचारायची, "चाचा, उद्या येऊ ना?" ते मान वर न करता म्हणायचे, "ये की." दुसऱ्या दिवशी परत तेच. चाची म्हणायची, "एकदा कागदावर लिहून द्या तिला."

चाचांच्या जगात सामान दोनच जातींचं: खांबवालं आणि जिलबी. वेलबुट्ट्या, शिंपले, वळणंच वळणं असलेला आरसा आला की ते नाक मुरडत, "जिलबी आली." त्यांचा जीव खांबवाल्यावर. दोन बाजूंना दोन सरळ उभे खांब, खांबांवर पन्हळी, कडेने कोरलेल्या मोत्यांची ओळ, माथ्यावर मधोमध कलश आणि कलशाच्या दोन्ही अंगांना सारख्याच झुकलेल्या फुलमाळा. खुर्ची असली तर पाय सरळ, वर जाड आणि खाली निमुळते. हे कुठून आलं ते चाचा अगदी स्वतः हजर असल्यासारखं सांगतात. "तिकडं विलायतेच्या पलीकडं एक शहर राखेत गाडलं गेलेलं. हजारो वर्षं गप पडलेलं. मग कुणी खणलं, आन् आतून खांब, कलश, माळा असं सगळं निघालं. झालं! वरचे लोक येडे झाले. म्हणाले आमाला आसंच घर पायजे. आता देवळं कुठनं आणायची? मग सुतारांना सांगितलं, लाकडात करा." तीच चाल बोटीतून मुंबईला आली, साहेबांच्या बंगल्यांसाठी इथल्या सुतारांनी सागवानात उतरवली, आणि आता ते बंगले पडले की आरसे आमच्या शेडला येतात, इकडच्या फार्महाऊसांत जाण्याआधी.

या दोन्ही बाजूंच्या सारखेपणाने चाचांचा पुरता ताबा घेतलाय. शेडच्या दाराशी सदाफुलीच्या दोन कुंड्या. एक वाळली तेव्हा दुसरी, चांगली फुललेली, त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. डब्यात दोन भाकऱ्या, भाजी मधे, चटणी दोन्हीकडे. चाचीने फ्रीज घेतला तर याचा जोडीदार कुठाय म्हणून दोन दिवस अस्वस्थ. माणसांनाही तेच माप. समोरचा रिक्षावाला वाकडातिकडा बोलतो म्हणून जिलबी. आणि मी? एकदा धीर करून विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू खांबवाली. पन हलतेस फार."

आरसा टेंपोत चढला की चाचीची जुनी चादर त्याच्या अंगावर, आणि टेंपोवाल्याला ताकीद, "हळू हाक रं, आत म्हातारी बसलीय." नख टेकवून ते काच ओळखतात. नख आणि नखाचं बिंब यांत किती फट दिसते त्यावरून काचेचं वय. जुन्या काचेमागे कथील आणि पाऱ्याचा लेप असतो, तो जागोजागी उडून ढग धरतात. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, नवी काच टाका. चाचा काचेवरून हात फिरवत म्हणतात, "हिला आता समदं सांगायची गरज नाय. थोडं दिसतंय, थोडं आठवतंय. बास की." दुपारी शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून ऊन येतं आणि त्या ढगाळ काचांमधून एकमेकींत फिरत राहतं. तेव्हा मला वाटायचं, आपण कुठल्याच गावात नाही, नुसत्या उजेडात बसलोय.

आणि अशाच एका दुपारी मी घात केला. कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसचा उंच आरसा तयार होता. आदल्या आठवड्यात चाचांनी त्याच्या दोन्ही माळांवर सोन्याचा वर्ख चढवलेला. वर्ख चढवणं म्हणजे पंखा बंद, दार बंद, आणि श्वाससुद्धा बंद. ते रागावत नाहीत, फक्त या वेळी "फुंकू नका गं" म्हणतात. चार वाजता मालकीणबाई येणार होत्या आणि चाचा नमाजाला गेले होते. पाहुणे यायचे असले की आमच्याकडे आधी सगळं ओल्या फडक्याने पुसतात. माझ्या आईने मला हेच एक शिकवलं. मी फडकं पिळलं आणि डाव्या माळेवरून फिरवलं.

फडक्यावर सोनं आलं. माळेवर वर्खाखाली लेपलेली तांबडी माती उघडी पडली. उजवी माळ लखलखत होती, डावी सोललेल्या गुडघ्यासारखी. एकवेळ आरसा फुटलेला चालला असता, पण एक बाजू गेलेली, आणि तीही चाचांच्या आरशाची! मी पिशवी उचलून दाराशी उभी राहिले. हिंगोलीची गाडी किती वाजता, एवढंच डोक्यात.

चाचा आले. माळेकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मग फडकं घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं, आणि उजवी माळसुद्धा पुसून टाकली.

"चाचा!"

"आता बरोबर झालं," ते मागे सरून म्हणाले. "मगाशी बघवत नव्हतं."

मग स्टुलावर बसले. "याचं पयलं सोनंपन असंच गेलेलं. दोन पिढ्यांच्या बायकांनी पुसून पुसून घालवलं, ते तू एका दुपारी केलंस. हात चांगलाय." मालकीणबाईंना फोन लावला, "बाई, पुढल्या आठवड्यात या. माळ पुसली गेली माझ्या हातनं." फोन ठेवून मला म्हणाले, "अर्धं तर खरंच हाय."

त्या संध्याकाळी मला विचारवेना. मी पायरीवर तशीच उभी. चाचा हत्यारं पुसत होते. "उजवी बाजू मी करीन," ते म्हणाले, "डावी कोण करनार?"

मग आठवडाभर मी डावी माळ केली. खारीच्या केसांचा कुंचला आधी गालावर फिरवायचा, म्हणजे चेहऱ्याच्या तेलाने वर्ख त्याला धरतो. सरसाचं पाणी, वर्ख, वाळू द्यायचं, मग घोटायचं. घोटायला चाचांनी बोटातली अकीकाच्या गुळगुळीत खड्याची अंगठी काढून दिली. घरी जाताना रिक्षातली बाई म्हणाली, "गं, तुझ्या गालाला काय चमकतंय?" मी पुसलं नाही.

आरसा पोचवून परत येताना चाचांनी मला आणि टेंपोवाल्याला कोंडाण्याच्या लेण्यांवर चढवलं, स्वतः दर वळणावर बसत. आत दगडाच्या वासे-तुळया, लाकडाच्याच वाटाव्या अशा. "बघ," ते धापा टाकत म्हणाले, "तिकडच्या सुतारानं लाकडात दगड केला. इकडच्या पाथरवटानं दगडात लाकूड. ज्याला त्याला लांबच्या घराची वढ." मला हिंगोलीचं ओसरीवरचं लाकूड आठवलं. रडू आलं, पण भीती नाही वाटली.

आता चाचांच्या डोळ्यांत ढग आलेत. डॉक्टर म्हणतात आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, महिन्याने दुसऱ्याचं. चाचा ऐकत नाहीत. "एकच? आन् मधला महिनाभर मी कसा दिसू?" चाचीने हात टेकलेत. एकेक डोळा करून घ्या म्हणून मी रोज त्यांना समजावते आणि मधल्या वेळात दोन्ही माळा करते. ते बोट फिरवून तपासतात. कुंड्यांची जोडी मी परत आणलीय.

काल एका खांबवाल्या आरशासमोर ते उभे होते, सरळ स्वतःकडे बघत. मी चमकले. हसून म्हणाले, "आता हरकत नाय. काय दिसतच नाय." मग दाढीवरून हात फिरवत राहिले, आधी लाल गालावरून, मग पिवळट गालावरून.

मी पिशवी उचलली. हल्ली मी दाराशी थांबत नाही. पायरी उतरले तोच मागून आवाज आला, जरा घाईघाईचा.

"पोरी, उद्या येशील ना गं?"

मी परत वर चढले आणि म्हटलं, "डावी बाजू कोण करणार, चाचा?"