दुसरी हाक

आईचं बोलणं मी कामासाठी मागितलं होतं, आठवणीसाठी नाही. संगमनेरला दोन खोल्यांत आम्ही एक ऑडिओ प्लेअर अ‍ॅप बनवतो. आवाज चालू असताना त्यातलं बोलणं पडद्याच्या खालच्या पट्टीवर अक्षरांत दिसतं. पुण्याच्या निवेदकांचं बोलणं ते झकास लिहायचं, पण आमच्याकडचं माणूस बोलू लागलं की अ‍ॅपची दातखीळ बसायची. म्हणून आईच्या फोनवर रेकॉर्डर लावून दिला आणि सांगितलं, रोज काहीतरी बोलून ठेव. तिला काय, निमित्तच हवं होतं. "बायडे, ऐकतीस ना?" अशी मलाच हाक मारून जी सुरू व्हायची, ती गाईच्या दुधापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत.

ती गेली तेव्हाही फोन गोठ्यात गव्हाणीच्या कठड्यावर चालूच होता. कोल्हारजवळ शेतात आमची वस्ती आहे, तिथे, भर दुपारी. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या. तेराव्यानंतर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिनं हाक मारल्ती. मी वट्यावरच हुतो. एकच आली, म्हनून ओ दिली न्हाई."

आमच्याकडे भर दुपारी एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. दुसरं काही असेल तर ते एकदाच बोलावतं. लहानपणी मी याची भरपूर टिंगल केली आहे.

वडिलांना आता फार कमी ऐकू येतं; जोरात मारलेली हाक तेवढी कळते, फोनमधलं काही नाही. "त्यात काय हाय ते मला अक्षरात दाव," असा त्यांनी हट्टच धरला. मी ते रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं होतं. आई बोलते, "थांब, पेंड टाकते" म्हणते, मग फक्त गाईच्या गळ्यातली घंटा आणि लांबवर चाललेली विहिरीवरची मोटार. हाक कुठेच नाही. तरी त्यांच्यासाठी अक्षरं मोठी केली, काळ्यावर पिवळी केली, ओळ जास्त वेळ टिकेल असं केलं. अगदी पुसट आवाजही गाळायचा नाही, असं अ‍ॅपला बजावलं. मग ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून लावलं.

"थांब, पेंड टाकते." पुढे पट्टी कोरी. बराच वेळ कोरीच. आणि मग तिच्यावर अक्षरं उमटली: अवो.

मी हेडफोन कानात दाबला. नुसती घंटा.

"एकदाच हाय ना?" वडील पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"एकदाच आहे, आण्णा." मी बोट करून दाखवलं.

त्यांनी श्वास सोडला. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी मात्र अर्ध्या ताटावरून उठले. तीच ओळ लागोपाठ आली तर अ‍ॅप ती एकदाच दाखवतं. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून ती सुधारणा मीच केली होती.

संगमनेरला परतल्यावर माझ्या फोनमधून ती काढून टाकली आणि पुन्हा लावलं. अवो. अवो. अवो. पट्टी भरून वर सरकत राहिली. आवाज म्हणाल तर घंटेचाच. अ‍ॅप दर वेळी नव्यानं ऐकून लिहितं, शांततेतही त्याला शब्दांचे भास होतात, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी समजावते. स्वतःलाही सांगून पाहिलं. भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते कळेना.

वडिलांच्या फोनमध्ये ती सुधारणा तशीच ठेवली आहे. रोज जेवण झालं की ते बघतात, "एकदाच" म्हणतात आणि फोन खिशात टाकतात. मी काही बोलत नाही, आणि बोलणारही नाही.

काल दुपारी ऑफिसात एकटीच होते. माझ्या फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलं. या वेळी अवो एकदाही आलं नाही. घंटा वाजत राहिली, पट्टी कोरीच. अगदी शेवटाला एक ओळ आली: बायडे.

ओ माझ्या ओठांवर आली होती. मी तोंडावर हात दाबून धरला आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसले.