वानखडे बाईंच्या नोटिसा

वाचनाने माणूस घडतो, असं समुद्रपूरच्या आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे शिकवत होतो. नववीतल्या बऱ्याच मुलांना ते वाक्य वाचता येत नसे, त्यामुळे त्याचा कोणाला त्रास नव्हता.

मराठीच्या वानखडे बाई हिंगणघाटहून एसटीने येत. शिपाई नोटिशीची वही घेऊन वर्गात आला की आम्ही मास्तर मंडळी ती गंभीर आवाजात वाचून सही करायचो. बाई मात्र वही थेट शेवटच्या बाकावरच्या सुनीताच्या हातात द्यायच्या. पहिल्यांदा ते पाहून मी हादरलोच. धडा वाचायला उभी केली की ही मुलगी दुसऱ्या शब्दाला गप्प व्हायची आणि वर्ग खिदळायचा. नववीत नापास झाली तर बाप तिला शाळेतून काढणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"बाई, त्या पोरीचा तमाशा होतो," मी म्हणालो.

"सर, धड्यात पुढं काय हाय ते साऱ्याईले माहीत राह्यते. मंग पोट्टे चूक पकडाले टपून बसतात. नोटिशीत काय हाय ते कोणालेच माहीत नाई. तिथं ते तिच्या तोंडाकडे पाह्यतात, चुकीकडे नाई."

खरंच, सुनीता अडखळली की मागून आवाज यायचा, "सावकाश वाच वं, पण सुट्टी हाय का नाई तेवढं आधी सांग!"

अडचण एवढीच, की मुख्याध्यापक आठवड्याला एखादीच नोटीस काढत. तरी नववीत रोज नोटीस वाचली जाऊ लागली. शिपाई फितूर होता. एक दिवस मुख्याध्यापकांनी वहीची शेवटची पानं मला दाखवली. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हिंगणघाटच्या बसमध्ये एक बोकड विनातिकीट सापडला आहे. मालकाने मधल्या सुट्टीत भेटावे.' खाली: 'पोटे सर सोमवारी मिशा काढणार आहेत. विद्यार्थ्यांनी हसू नये.' पोटे म्हणजे मी. नववी आठवडाभर माझ्या नाकाखाली काय शोधत होती, ते मला तेव्हा कळलं.

मुख्याध्यापकांनी बाईंना सक्त ताकीद देणारी नोटीस काढली आणि ती सगळ्या वर्गांत फिरवली. नववीत ती वाचतात की नाही हे पाहायला ते मला घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी नोटिशीवर नजर टाकली आणि वही सुनीताकडे दिली.

"मी नाई वाचत, बाई."

"काऊन? येत नाई?"

"येते. पण हे तुमच्यावर हाय."

"मंग मोठ्यानं वाच. मागच्याईले आयकू गेलं पायजे."

'अधिकाराचा गैरवापर', 'शिस्तभंगाची कारवाई' असले शब्द ती पोरगी एकदाही न थांबता, रागारागाने वाचत गेली. स्वतःचीच भाषा ऐकून मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला.

बाईंनी सही केली. "शिस्तभंग मस्त म्हटलं तू. बस."

ताकीद बाईंच्या सेवापुस्तकात गेली. सुनीता ढकलपास होऊन दहावीत गेली. ढकलावं लागलं ते एकाच विषयात, गणितात. गणित मी शिकवायचो.