दारोदारची एक मूठ

माझा स्वभाव तापट. घरचे म्हणतात, ही बोलायला लागली की ओसरीवरचं कुत्रंही उठून जातं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे भाऊ माझ्या दारात उभे राहून ओरडले, तेव्हा भांडणाआधी माझे पाय हलले.

"चाल, पाह्य! तुह्या सालपटानं माहा बैल मरून राह्यला!"

मी चपलाही न घालता धावले. भाऊंचा डावा बैल गोठ्यात आडवा पडलेला. शिंगांवर कालचा बेगड, पाठीवर गेरूचे ठसे, आणि कूस टरारून फुगलेली. तोंडातून लाळ गळत होती. उजवा त्याला हुंगत उभा होता. भाऊंना लेकरू नाही. ही जोडी त्यांनी लहान गोऱ्ह्यांपासून वाढवलेली. एक गेला असता तर दुसऱ्यानं परक्या बैलाशेजारी मान जुवाला दिली नसती, आणि भाऊही मग उठले नसते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आमचं गाव नागभीडकडचं, चहूकडे धान. आम्ही बाया मिळून उन्हाळ्यात गावरान आंब्याचा रस काढून डब्यात भरतो. मागं उरतात सालींचे नि कोयींचे ढीग. आधी ते नाल्यात टाकायचो, मग माशा आणि लोकांच्या शिव्या. चंद्रपूरहून शिकवायला आलेल्या ताईंनी सांगितलं, साली वाळवा, कोयी फोडून आतला गर भिजवून वाळवा, दोन्ही दळा. सालीत तंतू असतात, गरात थोडी प्रथिनं, तेवढीच विकतची ढेप, म्हणजे पेंड, वाचते. मात्र पीठ गोडसर, पोटात आंबतं. म्हणून एका जनावराला एक मूठ, कुटारात, म्हणजे भुशात कालवून. मी घरोघरी जाऊन हे बजावलं होतं. बायांनी अक्षरशः पाळलं. महिनाभरात गावातल्या जनावरांना ते पीठ आवडायला लागलं.

एकट्या भाऊंनी नाही घेतलं. "उकिरड्यावरचं माह्या बैलाले? नाई चारत, बाई." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, राहा तुमच्या ढेपीपाशी.

आणि आला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांना आवतन द्यायचं, खांदे लोण्या-हळदीनं चोळायचे, दुसऱ्या दिवशी वेशीवरचं तोरण तुटलं की जोडी दारोदार न्यायची. ज्या दारी बैल येईल त्या बाईनं पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी भरवायची. रिकाम्या तोंडानं बैल दारातून गेला तर घराला बट्टा. त्या वर्षी प्रत्येकीनं पोळीसोबत आपलं नवं पीठही पुढं केलं. एक मूठ, सांगितल्याप्रमाणे. सणाच्या घासाला नाही म्हणता येत नाही, म्हणून भाऊंनीही अडवलं नाही. पण सणाच्या दिवशी मुठीची ओंजळ होतेच, आणि दार काय एकच होतं? उजवा हुंगून तोंड फिरवायचा. डावा मात्र खादाड, एकही दार सोडलं नाही त्यानं. शेवटचं दार माझं होतं. माझ्या हातातलंही त्यानं चाटूनपुसून खाल्लं, आणि मी खुशीत भाऊंना म्हटलं, "पाहा, तुमच्या बैलाले समजते!"

आता त्या गोठ्यात मला माझंच ते वाक्य ऐकू येत होतं.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दूरच्या गावी होते. पिठाचं ऐकून म्हणाले, "बैलाला हे आधी कधी चारलं होतं?"

"नाई."

"मग बाकीच्यांना सवय झालीये, याच्या पोटाला नाही. आधी छातीवर उठवून बसवा. पाण्यात खायचा सोडा कालवून थोडा थोडा पाजा. मान फार उंच करू नका, ठसका लागला तर फुप्फुसात जाईल. मी निघतोच."

आम्ही पाठीमागं धानाच्या तणसाच्या पेंढ्या लावून त्याला बसता केला. सोडा माझ्या घरचा. बांबूची नळी भाऊंची. पण भाऊ घाईनं नळी अशी खुपसत होते की पाणी बाहेरच सांडत होतं.

"द्या इकडं," मी खेकसले.

"तू हात लावू नको त्याले!"

"मग मारा त्याले रागापायी!"

बोलून गेले, आणि जीभ चावली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नळी माझ्या हातात दिली, आणि बैलाचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी घोट घोट पाजत राहिले. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा मागत फिरत होती. कोणीतरी त्यांना हाकललं. बाया कुंपणाशी जमल्या होत्या, पण आत कोणीच येईना.

दुपारी डॉक्टर आले. नळी घालून पोटातला वायू काढला, सुया दिल्या. म्हणाले, आता रवंथ करतो का तेवढं पाहा. मग आम्ही दोघं त्याच्या जबड्याकडे पाहत बसलो. उन्हं उतरली तरी जबडा हलेना. मी मनात लाख वेळा म्हटलं, हल रे बाबा, हल. दिवेलागणीला त्यानं एक ढेकर दिला, आंबूस, घाणेरडा. मग खालचा जबडा एका बाजूला सरकला. भाऊ हमसून हमसून रडले. मीही रडले.

पण वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसले की मान फिरवायचे. आम्ही पीठ वाळवत राहिलो, बायांना पुन्हा नीट समजावलं. पण भाऊंच्या दारी जायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या पोळ्याला तोरण तुटलं, आणि भाऊंची जोडी निघाली. झुली, घुंगरू, बाशिंगं, आणि दोन्ही बैलांच्या तोंडाला मुसकी! मळणीत धान खाऊ नये म्हणून बांधतात ती, सणाच्या दिवशी. बाया पोळ्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "अरे बाप्पा, काय हे भाऊ!" कोणी म्हणालं. भाऊ जोडी पुढं हाकत राहिले.

शेवटी जोडी माझ्या दारी आली. मी खाली मान घालून पाय धुतले, कुंकू लावलं. हातातली पोळी मागं लपवली.

भाऊ वाकले. आधी उजव्याचं, मग डाव्याचं मुसकं सोडलं.

"गावात एकच दार," ते म्हणाले. "आण तुहं पीठ. महिन्यापासून घरी चिमूट चिमूट देऊन राह्यलो त्याले."

मी मूठ भरून आणली. डाव्यानं माझा तळहात खरखरीत जिभेनं चाटला. त्याच्यासाठी आणखी आणायला मी घरात वळले, तर भाऊ ओरडले, "ए बाई! एकच मूठ म्हटलं होतं ना तूनं!"